मोहरीएवढा कोळसा

इंजिनामागचा प्लॅस्टिकचा कोळसा काढायचा आणि तिथे खरा घालायचा, एवढंच मी ठरवलं होतं. ह्यात कुणाला दुखवायचं नव्हतं, कुणाचा मिक्सर बिघडवायचा नव्हता, आणि साहेबांसमोर उभं राहून खुलासा देण्यासारखं तर ह्यात काहीच नव्हतं. पण माझ्या बाबतीत कुठलीही गोष्ट ठरवल्याएवढी राहत नाही. (एकदा मी बल्ब बदलायला म्हणून स्टुलावर चढलो होतो, तो सगळं घर रंगवून झाल्यावरच खाली उतरलो.)

मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून आहे. लोक जगात कधी आले आणि जगातून कधी गेले, हे मी दिवसभर लिहून घेतो. मधल्या काळात ते काय करतात याच्याशी आमच्या खात्याचा संबंध येत नाही. मी स्वतः मधल्या काळात आगगाड्या चालवतो. खेळण्यातल्या. (हा शब्द आमच्या क्लबात उच्चारायला बंदी आहे. तिथे 'प्रतिकृती' म्हणतात. घरी 'तुमचा तो पसारा' म्हणतात.) घराच्या मागच्या खोलीत, आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर, माझं एक स्टेशन, दोन बोगदे, एक पूल आणि बावीस प्रवासी आहेत. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. ते बावीस प्रवासी गेली सहा वर्षं एकाच गाडीची वाट बघत फलाटावर उभे आहेत आणि अजून एकानंही माझ्याकडे तक्रार केलेली नाही. उभ्या जगात अशी माणसं मला फक्त त्याच खोलीत भेटतात.

आमच्या क्लबात चौदा सभासद. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान आहे. पण शेवटचा शब्द चालतो तो ड्रायव्हरकाकांचा, कारण आमच्यात खरं इंजिन चालवलेला माणूस तो एकच. चौतीस वर्षं त्यांनी वाफेची इंजिनं चालवली. ते ज्या दिवशी निवृत्त झाले, त्याच दिवशी त्यांचं इंजिनही निवृत्त झालं. त्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती मी सहा महिने खपून रंगवली होती. महिन्याभरानं क्लबचं प्रदर्शन होतं, आणि त्यात ती गाडी काकांच्या हस्ते सुटावी अशी माझी इच्छा होती. म्हणून एका रविवारी मी त्यांना इंजिन बघायला घरी बोलावलं.

काका आले. हात मागे बांधून वाकले. बराच वेळ वर उठलेच नाहीत. मला वाटलं, डोळे भरून आले असणार. मी खिशातला रुमाल चाचपून ठेवला.

"हे मागे काय आहे?" काकांनी विचारलं.

"टेंडर, काका. कोळशाचा डबा."

"ते मला ठाऊक आहे. त्यात काय आहे?"

"कोळसा."

काकांनी नखानं त्यावर टिचकी मारली. टक् टक् असा आवाज आला. "हा होय! मला वाटलं, इंजिनानं अंबाडा घातलाय."

मी हसायचा प्रयत्न केला.

"अरे कारकुना," काका म्हणाले (त्यांनी मला कधी दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही), "खऱ्या कोळशाचे खडे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. हे बघ, सगळे एकाच साच्यातले. ह्या कोळशावर गाडी सुटायची नाही. निदान माझ्या हातून तरी नाही."

ते गेल्यावर मी पक्कड घेतली आणि तो प्लॅस्टिकचा ढीग उपसून काढला. टेंडर कवळी काढलेल्या तोंडासारखं दिसायला लागलं. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

हिशोब सोपा होता. खऱ्या टेंडरमधला मोठा खडा नारळाएवढा धरला, तर सत्त्याऐंशी पट लहान केल्यावर तो मोहरीएवढा होतो. म्हणजे मला मूठभर मोहरीएवढा कोळसा हवा होता. मूठभर! आख्ख्या शहरात मूठभर कोळसा मिळणार नाही का?

नाही मिळाला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, कोणत्या जमान्यात आहात? आता सगळं विजेवर." त्यानं मला औषधाच्या दुकानात जायला सांगितलं. मला वाटलं, चेष्टा करतोय. तरी गेलो.

"कोळसा आहे का?"

"गोळ्या की कॅप्सूल?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

मला आनंदानं भरून आलं. "गोळ्या केवढ्या असतात?"

"हरभऱ्याएवढ्या."

"मोहरीएवढ्या नाहीत?"

"कशासाठी हवाय? गॅस आहे?"

"नाही, वाफ."

दुकानदारानं पहिल्यांदाच मान वर केली. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "जेवणानंतर दोन घ्या. आणि दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी क्लबच्या अध्यक्षांना फोन लावला. लाइन खराब होती, त्यामुळे जरा मोठ्यानं बोलावं लागलं. "टेंडर रिकामं पडलंय हो! या महिन्यात भरलंच पाहिजे! पण कोळसा कुठून आणू? तुमची कुठे ओळख असेल तर बघा ना!"

फोन ठेवला तेव्हा सगळं ऑफिस शांत झालं होतं. पाच मिनिटांत साहेबांचं बोलावणं आलं.

"बसा," साहेब म्हणाले. साहेब बसायला सांगतात तेव्हा काहीतरी गंभीर असतं. "टेंडर भरताय म्हणे?"

"हो साहेब," मी खूश होऊन म्हणालो. साहेबांना आपल्या छंदात रस आहे हे मला माहीतच नव्हतं.

"कोळशाचं?"

"हो साहेब. आधीच्यात सगळा खोटाच माल होता. मीच उपसून काढला."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "सरकारी नोकरीत असताना?"

"नाही साहेब, ऑफिसच्या वेळात कधीच नाही. घरी. संध्याकाळी, मागच्या खोलीत."

"आणखी कोण आहे यात?"

"आम्ही चौदा जण आहोत. चष्मेवाले मुख्य."

साहेब मटकन खाली बसले. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि जे काय असेल ते स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यायला सांगितलं. मी चित्र काढून दिलं. पुढे इंजिन, मागे टेंडर, त्यात ठिपके ठिपके. साहेबांनी ते चित्र सरळ धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही आज अर्ध्या दिवसाची रजा घ्या."

त्या रजेचा मी सदुपयोग केला. गावाबाहेरच्या एका भट्टीवाल्या हॉटेलातून पिशवीभर कोळसा आणला आणि घरी कुणी नाही असं बघून मिक्सरमध्ये घातला. एवढंच सांगतो, की आमचा फ्रिज तोपर्यंत पांढरा होता. झाकण नीट बसलं नव्हतं. (बसलं होतं, पण मिक्सर सुरू झाल्यावर त्याचा विचार बदलला.)

बायको शाळेतून आली तेव्हा मी स्टुलावर उभा राहून छत पुसत होतो. ती भूगोल शिकवते. तिनं आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मिक्सरकडे.

"हे काय आहे?"

"कोळसा."

तिनं चिमूट उचलून बोटांत चुरली. "हा लाकडाचा आहे. तुमच्या इंजिनात दगडी कोळसा लागतो. तो खाणीतून काढतात. सातवीच्या पुस्तकात आहे."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला विचारलंत?"

पुढचे तीन दिवस घरातलं केळ्याचं मिल्कशेक राखाडी रंगाचं होत होतं. चौथ्या दिवशी मिक्सरनं प्राण सोडला. बायकोनं मला मिक्सरच्या मृत्यूची नोंद करून यायला सांगितलं आणि घरात पुन्हा कोळशाचं नाव काढायचं नाही असं बजावलं.

मी तो लाकडी कोळसा डबीत भरून काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून पाहिला. "हा काडीकाडीनं फुटलाय. चमक नाही, वजन नाही. फुंकर मारली तर उडेल." त्यांनी फुंकर मारली. उडाला. काकूंच्या धुतलेल्या पडद्यावर बसला.

काका उठले आणि कपाटापाशी गेले. काचेमागे, कपबशांच्या वरच्या फळीवर, पिवळ्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी काढलं आणि माझ्यासमोर फडकं उलगडलं. आत दगडी कोळशाचा एक खडा होता, आंब्याएवढा. उजेडात धरला की काळ्या आरशासारखा चमकायचा.

"शेवटच्या फेरीचा," काका म्हणाले. "इंजिन शेडमध्ये लावलं, खाली उतरलो, आणि टेंडरमधून हा एवढा उचलला. बाकी सगळं तिथेच ठेवून आलो." त्यांनी खडा माझ्या हातात दिला. "चार दिवस घेऊन जा. रंग बघ, चमक बघ. तसा शोध. पण परत आण हो."

मी तो खडा घरी आणला तेव्हा लहान बाळ आणावं तसा छातीशी धरून आणला.

आता इथे सासूबाई येतात. म्हणजे त्या आदल्या दिवशीच आल्या होत्या, गुडघ्याच्या उपचारासाठी, पंधरा दिवसांकरता. त्यांची कॉट मागच्या खोलीत, माझ्या स्टेशनाला लागूनच टाकली होती. डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून सांगितलेलं, त्यामुळे दिवसभर त्या बसल्या बसल्या गाड्यांकडे बघायच्या. खरं सांगतो, त्या घरात मला समजून घेणारं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. "जावईबापू, काल ती सकाळची मालगाडी दिसली नाही," असं त्या मनापासून विचारायच्या. "फलाटावरची ती लाल साडीची बाई किती वेळ उभी आहे, तिला एक बाक तरी द्या," असंही म्हणाल्या. मी दिला.

बुधवारी ऑफिसला निघताना मी घाईत होतो. खडा त्यांच्या कॉटजवळच्या टेबलावर ठेवला होता.

"हा कसला दगड, जावईबापू?"

"कोळसा आहे. असा चमकणारा हवा मला, आणि मोहरीएवढा बारीक. तेवढं झालं की काम फत्ते!"

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्या 'बरं'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मी बूट शोधत होतो.

संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई कॉटवर हसऱ्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत काळे. कपाळावर एक काळा पट्टा. समोर खलबत्ता, शेजारी स्वयंपाकघरातल्या तिन्ही चाळण्या आणि ताटलीनं झाकलेली स्टीलची वाटी.

"या या! ओळखा पाहू काय आहे!"

"सासूबाई, तो दगड कुठाय?"

त्यांनी ताटली उचलली. "सामान सगळं कामवालीकडून इथेच मागवून घेतलं. मेला फुटतच नव्हता आधी. मग ओल्या फडक्यात बांधून हातोडीनं फोडला, म्हणजे उडाला नाही. नंतर खलबत्त्यात हलक्या हातानं. तुमच्यासारखी घाई केली की पीठ होतं. आधी पिठाच्या चाळणीनं भुकटी काढून टाकली, मग रव्याच्या चाळणीनं चाळलं. वर राहिलं तेवढंच घेतलं आणि दोन पाण्यांत धुऊन वाळवलं. बघा, आहे की नाही मोहरीएवढा?"

मी वाटीत पाहिलं. आता एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करतो. माझे डोळे भरून आले, पण ते काकांच्या खड्याच्या दुःखानं की आनंदानं, हे मला आजही सांगता येणार नाही. तसा कोळसा मी जन्मात पाहिला नव्हता. प्रत्येक कण वेगळा, धारदार, चमकदार. कुठे चपटा, कुठे टोकेरी, कुठलाही कण दुसऱ्याला ओळखत नव्हता.

"आवडलं नाही का?" सासूबाईंचा चेहरा पडला. "सकाळी नऊपासून बसले होते."

"आवडलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बायकोला सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. पाचेक मिनिटांनी म्हणाली, "तो खडा आठवतोय तुम्हाला? आकार?"

"झोपलेल्या कुत्र्यासारखा."

"आणि डाव्या बाजूला खळगा होता. उद्या मला सुट्टी आहे. वीटभट्टीवर जाऊ."

लग्नाला सतरा वर्षं झाली. त्या क्षणाइतकी मला बायको कधी आवडली नव्हती. (तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा.")

वीटभट्टी गावापासून बारा किलोमीटरवर. तिथला मुकादम खाटेवर बसून वही चाळत होता. मागे दगडी कोळशाचा डोंगर.

"किती ट्रक?" त्यानं विचारलं.

"एक."

"कधी पाठवू?"

"नाही, एक ट्रक नाही. एक खडा."

"खडा?"

"आंब्याएवढा," बायको म्हणाली. "झोपलेल्या कुत्र्यासारखा दिसणारा. डाव्या बाजूला खळगा."

मुकादमानं वही मिटली. "काही हरवलंय का तुमचं?"

"हो," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्यानं सुस्कारा टाकला आणि डोंगराकडे बोट दाखवलं. आम्ही तीन तास त्या डोंगरावर होतो. बायको मुलांच्या वह्या तपासाव्यात तसे खडे तपासत होती. "हा नाही. हा बसलेला कुत्रा आहे. ह्याला खळगा उजवीकडे आहे. हा काय आणलात, ही तर वीट आहे!" भट्टीवरची माणसं काम थांबवून बघायला जमली. हळूहळू त्यांनाही चेव चढला. कुणी उंट आणला, कुणी कासव आणलं. शेवटी मुकादम स्वतः चप्पल काढून वर चढला आणि त्यालाच सापडला. हुबेहूब. बायकोनं पदरानं पुसून पाहिला आणि पास केला. परतताना रस्त्यातली माणसं आमच्या चेहऱ्यांकडे बघत होती. मला काही वाटलं नाही.

संध्याकाळी अंघोळ करून मी फडक्यात गुंडाळलेला खडा घेऊन काकांच्या घरी गेलो. काका फिरायला गेले होते. दार काकूंनी उघडलं. मला हायसं वाटलं. कपाटात ठेवून पळ काढायचा, एवढंच काम. पण काकूंनी फडकं उलगडलं, खडा हातात घेतला आणि अंगठ्यानं त्याच्या पोटावर चाचपून पाहिलं.

"हा कुठून आणलात?"

"तुमचाच आहे काकू."

"आमच्याला खाली एक पांढरी रेघ होती."

मी तिथेच, चपला न काढता, सगळं सांगून टाकलं. सासूबाई, हातोडी, चाळण्या, वीटभट्टी. काकू ऐकत होत्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"अहो, तो तरी कुठे खरा होता!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "खरा बारा वर्षांपूर्वीच गेला. घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्यानं कचरा समजून टाकून दिला. हे बाहेरगावी होते. मी नाक्यावरच्या लोहाराकडे जाऊन, त्याचा सगळा ढीग उपसून, तसाच एक शोधून आणला. ह्यांना कळलं नाही. रोज संध्याकाळी काढून बघतात हो. तुम्ही मात्र एक शब्द बोलू नका."

मी शपथ घेतली. नवा खडा पिवळ्या फडक्यात, वरच्या फळीवर गेला. सगळं कसं सुरळीत झालं.

आता फक्त कोळसा टेंडरमध्ये बसवायचा होता. त्याची रीत अशी की कोळशाचा ढीग नैसर्गिक दिसेल असा रचायचा, आणि मग पाण्यात पातळ केलेला गोंद ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचा. वाळला की एक कणही हलत नाही. मी सोडला. पुरेसा वाटेना म्हणून आणखी सोडला. (माझ्या इंजिनाची मोटर टेंडरमध्येच, कोळशाच्या खाली असते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि ऐनवेळी आठवणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.)

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये होतं. सासूबाईंना आम्ही खुर्चीसकट आणून पहिल्या रांगेत बसवलं. दोनेकशे माणसं असतील. माझे साहेबही आले होते. टेंडर म्हणजे नक्की काय हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. काकांनी इस्त्रीचा जुना गणवेश घातला होता. ते इंजिनापाशी वाकले आणि टेंडरकडे बघत राहिले. या खेपेला त्यांचे डोळे खरंच भरून आले. मी रुमाल शोधला, तर नेमका त्या दिवशी विसरलो होतो.

"हा कोळसा," काका एवढंच म्हणाले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

गाडी हलली. टाळ्या झाल्या. पण चाल जरा जड वाटत होती. अर्ध्या फेरीत आणखी मंदावली. मी कंट्रोलचा नॉब थोडा फिरवला. पुलावर ती रांगायला लागली. मी नॉब आणखी फिरवला. बोगद्यातून बाहेर येताना तर ती आजारी माणसासारखी कण्हत होती. मग मी नॉब पूर्ण फिरवला.

आणि टेंडरमधून धूर निघाला.

आधी बारीक रेघ. मग चांगला काळा, भरघोस लोट. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा! खरा धूर!" लोक बाकांवर चढले. अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "बघा, आमच्या सभासदांनी वास्तवतेसाठी कुठलीही कसर ठेवलेली नाही!" माझे साहेब शेजारच्याला सांगत होते, "आमच्या ऑफिसातले आहेत. मी त्यांना यासाठी खास रजा दिली होती."

मला हसावं की पळावं कळेना. काका माझ्या कानाशी वाकले.

"कारकुना, चौतीस वर्षं मी इंजिन चालवलं. धूर पुढून निघतो. मागून निघाला की ड्रायव्हरनं उडी मारायची असते."

मी झडप घालून प्लग उपटला. गाडी फलाटाच्या अलीकडे मेली. त्या करपट वासात उभं असताना माझा धीर सुटला. काकूंना दिलेली शपथ मी मोडली नाही, पण माझा गुन्हा कबूल केला. "काका, हा तुमच्याच खड्याचा कोळसा आहे. तो घरी चुकून फुटला. कपाटात आहे तो दुसरा आहे. वीटभट्टीवरचा."

काका टेंडरकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "दुसरा नाही रे. तिसरा."

"म्हणजे?"

"पहिला रंगाऱ्यानं फेकला. हिनं लोहाराकडचा आणून ठेवला. लोहाराचा कोळसा आणि इंजिनाचा कोळसा मला ओळखू येणार नाही होय? पहिल्याच दिवशी ओळखला." त्यांनी नाक पुसलं. "मग लोहारानंच सगळं सांगितलं. पण बाई माझ्यासाठी ढिगात हात घालून शोधत बसली. मला तोच जास्त जवळचा वाटायला लागला. तिला बोलू नकोस."

मी दुसरी शपथ घेतली. ह्या नवरा-बायकोच्या मधोमध एक खडा आहे आणि तो खोटा आहे हे दोघांनाही माहीत आहे, आणि आता दोघांच्याही शपथा माझ्याकडे आहेत. ऑफिसात मी इतक्या नोंदी सांभाळतो, पण या दोन सांभाळताना मला घाम फुटतो.

"तो लोहाराचा होता, तो मीच संपवला," मी ओशाळून म्हणालो.

"संपवला कुठे? चालला ना गाडीवर. पाऊण फेरी का होईना." काकांनी टेंडरवरचा एक कण नखानं खरवडून तळहातावर घेतला. "पण एवढा सुरेख कुणी फोडला? तू नक्कीच नाही."

"सासूबाईंनी."

काका सरळ पहिल्या रांगेत गेले आणि त्यांनी सासूबाईंना सलाम ठोकला. मग अध्यक्ष भिंग घेऊन आले. मग बाकीचे सभासद. हातोडी कशी धरायची, चाळण्या कोणत्या, किती पाण्यांत धुवायचं, सगळे माना डोलावत ऐकत होते आणि एक जण लिहून घेत होता. माझं इंजिन मागे एकटंच गार होत पडलं होतं. तिकडे फक्त एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "धुराचा पुढचा खेळ किती वाजता?"

या गोष्टीला आता चार महिने झाले. सासूबाईंचे गुडघे केव्हाच बरे झाले, पण त्या गेलेल्या नाहीत. त्यांना जायला फुरसतच नाही. आठवड्यातून एकदा वीटभट्टीचा मुकादम स्वतः गोणी आणून देतो आणि सासूबाईंच्या हातचा चहा पिऊन जातो. क्लबातला एकेक सभासद रिकामा डबा घेऊन येतो, भरून घेऊन जातो. बाहेरगावच्या क्लबांचीही पत्रं येतात. मागच्या खोलीत आता प्लायवूड उभं करून भिंतीला टेकवलंय, कारण चाळायला जागा लागते. बायकोनं दारावर खडूनं नावांची यादी लिहिली आहे, भूगोलाच्या फळ्यावर लिहावी तशी स्वच्छ अक्षरात.

माझी मोटर मागच्या आठवड्यात दुरुस्त होऊन आली. टेंडर पुन्हा रिकामं होतं. मी स्टीलची वाटी घेऊन सासूबाईंसमोर उभा राहिलो आणि मूठभर कोळसा मागितला.

त्यांनी चाळणी न थांबवता दाराकडे बोट दाखवलं. "यादीत नाव लिहा, जावईबापू. तुमचा नंबर एकविसावा."

"एकविसावा? सासूबाई, मी तर घरचाच माणूस!"

"म्हणूनच म्हणते," सासूबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आधी ज्यांच्या गाड्या चालतात त्यांना देऊ या."